चाळीस बटणांचा रोबो, चौदा बटणांचा हात

मागच्या लेखात संगणकावरच्या महाकाय रोबोंच्या गेमबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण खरी मेख तिथेच आहे.

रत्नागिरीहून: सर, आम्ही चौघा इंजिनिअरिंगच्या मित्रांनी संगणकासाठी रोबोचा गेम बनवला आहे. तोफा, क्षेपणास्त्रं, रडार, जेट धरून तीसेक कळा लागतात. आता तो कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर) न्यायचा आहे. त्याच्या हातात धरायच्या कंट्रोलरवर एवढं बसत नाही. काय काय कापू?

लगेच कात्री घेऊन बसू नका. आधी सगळ्या कळांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही दाबताना खेळाडू काही ठरवतो, की नुसतं काम उरकतो? रडारचं अंतर बदलणं, दिवे लावणं, नकाशा मोठा करणं ही उरकायची कामं. ती एका मेनूत टाका, नाहीतर गेमलाच करू द्या. ठरवण्याच्या गोष्टींना मात्र हात लावायचा नाही.

आता जागा मोजा. हल्लीच्या कंट्रोलरवर समोरची चार बटणं, डी-पॅडच्या (अधिकच्या चिन्हासारख्या बटणाच्या) चार दिशा, वरच्या कडेची चार आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही स्टिक दाबून मिळणारी दोन, अशी चौदा होतात. शिवाय त्या दोन स्टिक. डावी पायांना, उजवी धडाला, ही वाटणी जवळपास ठरलेली आहे. पाय एकीकडे चालतात आणि धड दुसरीकडे वळून गोळीबार करतं. होडी पुढे जात असते आणि जाळं टाकणारा बाजूला वळलेला असतो, तसंच. या प्रकारच्या गेमचा जीव त्यात आहे. सोपं करायच्या नादात पाय आणि धड एकत्र बांधलंत, तर उरेल तो साधा गोळीबाराचा गेम. फक्त एक सोय द्या: डावी स्टिक दाबली की पाय आपोआप धडाच्या दिशेला वळावेत. नवीन माणूस हमखास गोंधळतो तो इथेच.

दुसरी अडचण वेगाची. कीबोर्डवर वेग एकदा ठरवला की तो तसाच राहतो. स्टिक मात्र सोडली की मध्यावर येते आणि रोबो थांबतो. लांबचा रस्ता असला तर अंगठा दुखून येतो. म्हणून सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय ठेवा, सोडल्यावर थांबणारा आणि ठरवलेला वेग धरून ठेवणारा.

तिसरी, नेमाची मदत. स्टिकने नेम धरणं माउसपेक्षा अवघड, त्यामुळे थोडी मदत लागतेच. पण ती मदत निशाण खेचून शत्रूच्या छातीवर नेत असेल, तर सगळं मुसळ केरात. हात उडवला की त्या हातातली तोफ जाते, पाय मोडला की रोबो लंगडतो. कुठे मारायचं हे ठरवण्यातच तर मजा आहे. निशाण शत्रूवरून सरकताना त्याची गती जरा मंद करा. तेवढं पुरतं.

शस्त्रांचे गट करा आणि एका बटणाला एक गट द्या. हे सगळं बसवूनही चार-पाच कळा उरल्या, तर मला यादी पाठवा.

कुडाळहून (मालवणीत): झील सांगता, रोबो तापलो म्हणान बंद पडलो. म्हणान मी प्लग काढलंय, तर तो बोंबलाक लागलो. माझा काय चुकला?

ताई, तापला तो टीव्हीतला रोबो. अशा रोबोंच्या गेममध्ये लेझर सारखे मारत राहिलं की रोबोची अणुभट्टी तापते आणि तो आपणहून बंद पडतो. थोडा गार झाला की पुन्हा उठतो. पाण्यात नेऊन उभा केला तर लवकर गार होतो. झिलाला तेवढं सांगा, तुमच्यावरचा राग जाईल.

खरा कन्सोल मात्र शोकेसच्या बंद खणात ठेवू नका आणि त्यावर कापड घालू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत पंख्याच्या जाळीवर धूळ चिकटून बसते. ती अधूनमधून कोरड्या ब्रशने काढा. मागच्या फटीतून पाल आत जात नाही ना, तेही बघा.

देवगडहून: टीव्हीवर आकडे वाचताच येत नाहीत. माझे डोळे गेले की गेम वाईट?

डोळे ठीक असावेत. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर असतो, टीव्ही खोलीच्या पलीकडे. संगणकावरची अक्षरं तशीच उचलून टीव्हीवर आणली की हेच होतं. सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार मिळतो का पाहा. नाही मिळाला, तर खुर्ची पुढे ओढा.

सावंतवाडीहून: लहानपणी प्लेस्टेशन या कन्सोलवर मेकवॉरिअर २ हा रोबोंचा गेम खेळलो होतो. पुढे संगणकावरचा पाहिला, तर हा वेगळाच गेम. असं का?

संगणकावरचा १९९५चा, प्लेस्टेशनवरचा १९९७चा. त्याच्या नावातच 'आर्केड कॉम्बॅट एडिशन' होतं. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी, चित्रांसाठी आणखी १. त्या वेळच्या संगणकांत ८ एमबी सर्रास असायची. शिवाय कन्सोलबरोबर मुळात जो कंट्रोलर येई, त्याला स्टिकच नव्हत्या. तेव्हा गेम झटपट, मारधाडीचा केला यात नवल नाही.

२००२मध्ये अशा गेमची दोन टोकं दिसली, दोन्ही एक्सबॉक्स या कन्सोलवर. मेकअसॉल्ट या गेमने रोबो बाहेरून दाखवला आणि गुंतागुंत जवळजवळ पुसून टाकली. कॅपकॉमच्या स्टील बटॅलियनने उलटं केलं. गेमबरोबर सुमारे चाळीस बटणं, दोन दांडे आणि तीन पेडल असलेलं अख्खं यंत्रच विकलं. रोबो नष्ट होण्याआधी बाहेर पडायचं बटण दाबलं नाहीत, तर तुमचं सेव्हही, म्हणजे तोवरचा साठवलेला खेळही, पुसला जाई! मला त्याचं कौतुक आहे, पण ते ठेवायला वेगळं टेबल लागतं.

मधला रस्ता अलीकडे सापडला. मेकवॉरिअर ५: मर्सिनरीज २०१९मध्ये आधी संगणकावर आला आणि २०२१मध्ये एक्सबॉक्स व प्लेस्टेशनवर. त्याच मालिकेतला २०२४चा क्लॅन्स तर तिन्हीकडे एकदमच आला. जुनी हौस भागवायची असेल, तर मर्सिनरीजपासून सुरुवात करा.

गुहागरहून: दादा, पावसात दिवसातून चारदा लाइट जाते. सेव्ह उडतं. गेम बनवणाऱ्यांना हे कळत नाही का?

चांगल्यांना कळतं. जुन्या फाइलवरच नवी लिहायला घेतली आणि मध्येच लाइट गेली, की दोन्ही गेल्या. म्हणून नवं सेव्ह वेगळ्या जागी पूर्ण लिहायचं, ते नीट उतरलं याची खात्री करायची आणि मगच जुनं सोडायचं. रत्नागिरीच्या चौघांनीही हे वाचावं.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर कोपऱ्यात सेव्हचं चिन्ह फिरत असताना काही करू नका आणि एका जागेवर विसंबण्यापेक्षा दोन-तीन जागी सेव्ह ठेवा. राउटरचा छोटा यूपीएस कन्सोलला चालत नाही. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो. संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि टीव्ही व कन्सोल दोन्ही त्यावर लावण्याआधी दोन्हींच्या वॅटची बेरीज यूपीएसवर लिहिलेल्या वॅटच्या आत आहे ना, ते पाहा. खेळत बसण्याइतका वेळ मिळणार नाही, पण सेव्ह करून नीट बंद करता येईल.