'तापमान दुप्पट झालं' असं म्हणता येतं का?

परभणीहून एका ताईंनी विचारलंय : मुलीच्या अकरावीच्या वहीत 'दाब स्थिर असताना तापमान दुप्पट केल्यास वायूचे आकारमान दुप्पट होते' असं वाक्य आहे. आमच्याकडे मार्चअखेरीस पहाटे २० अंश आणि दुपारी ४० अंश ही नेहमीची गोष्ट. मग पहाटे फुगवलेला फुगा दुपारी दुप्पट का होत नाही? नियम चुकलाय की वाक्य? आणि टायरलाही हाच नियम लागतो का?

ताई, नियम बरोबर आहे, वाक्यातून एक शब्द गळलाय. तो शब्द 'निरपेक्ष'. तो नसेल तर ते वाक्य चूकच ठरतं.

मराठीत वाढ सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक 'नी'ची : तापमान २० अंशांनी वाढलं. दुसरी 'पट'ची : दुप्पट, दीडपट, सव्वापट. 'नी' म्हणताना शून्य कुठे आहे याची फिकीर करावी लागत नाही. 'पट' म्हणायचं तर मात्र मोजणी खऱ्या शून्यापासून, म्हणजे 'काहीच नाही' इथपासून सुरू झालेली असावी लागते. सेल्सिअसचं शून्य तसं नाही. ते पाणी गोठण्याच्या खुणेवर माणसांनी ठेवलेलं शून्य आहे. तुमचेच आकडे फॅरनहाइटमध्ये मांडा : २० अंशांचे होतात ६८, ४० चे होतात १०४. हवा तीच, ऊन तेच, पण इकडे दुप्पट आणि तिकडे जेमतेम दीडपट! मापपट्टी बदलली की जी 'पट' बदलते, ती हवेबद्दल काहीच सांगत नसते.

मराठवाड्यातल्या माणसाला हे कळायला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पुरेसा आहे. जायकवाडी 'शून्य टक्क्यांवर' आल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं. तळाशी सुमारे ७३८ दलघमी (दशलक्ष घनमीटर) मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेलं पाणी, असतो. टक्के मोजायचे ते त्याच्या वरच्या सुमारे २१७१ दलघमी उपयुक्त साठ्याचे. साठा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला तर उपयुक्त साठा दुप्पट झाला हे खरं, पण धरणातलं एकूण पाणी साधारण ९५५ वरून ११७२ दलघमी झालं, म्हणजे सव्वापटसुद्धा नाही. सेल्सिअसच्या शून्याखालीही असाच साठा आहे, २७३ अंशांचा.

हा २७३ आला कुठून? वायू तापवून मोजमापं घेतल्यावर दिसलं, की दाब न बदलता तापमान एका अंशानं वाढवलं तर शून्य अंशाला जेवढं आकारमान होतं त्याच्या सुमारे २७३व्या भागाइतकी वाढ होते. दर अंशाला तेवढीच. हाच हिशेब उलट्या दिशेनं नेला की उणे २७३ अंशांना आकारमान कागदावर शून्य होतं. प्रत्यक्षात त्याआधीच वायूचा द्रव होतो, पण मोजणी कुठून सुरू करायची ते ठिकाण सापडतं. अचूक आकडा उणे २७३.१५. तिथून मोजलेलं ते निरपेक्ष तापमान, आणि त्याचं एकक केल्व्हिन. (जाता जाता : १९६७ पासून या एककाला 'अंश' लावत नाहीत. '३१३ अंश केल्व्हिन' नव्हे, नुसतं '३१३ केल्व्हिन'.)

आता तुमचा फुगा. २० अंश म्हणजे २९३ केल्व्हिन, ४० अंश म्हणजे ३१३. दोन्हींचं गुणोत्तर १.०७ च्या आसपास. म्हणजे फुगा फुगतो, पण शेकडा सातनं, आणि तेवढं नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तो खरंच दुप्पट करायचा तर ५८६ केल्व्हिन, म्हणजे ३१३ अंश सेल्सिअस लागतील. तोवर रबर टिकणार नाही.

मुलीला हे हातानं करून बघू द्या. काचेची सिरिंज मिळाली तर उत्तम, कारण प्लास्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या अडकतो. सुई न लावता १० मिलिलिटर हवा आत घ्या, तोंड पक्कं बंद करा. खोलीत २७ अंश असतील तर ५४ अंशांच्या पाण्यात ती बुडवून धरा आणि हलकेच टिचक्या मारा. वहीतल्या वाक्याप्रमाणे दट्ट्या २० वर जायला हवा. तो थांबेल ११ च्या जरा अलीकडे, कारण ३०० चे ३२७ केल्व्हिन झाले.

नियमाला चार्ल्सचं नाव आहे (फ्रेंच उच्चार शार्ल, पण आपल्याकडे चार्ल्स रुळलंय, तेच ठेवावं). १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनचा फुगा उडवणारा हाच माणूस. त्यानं आपली मोजमापं छापली नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानं स्वतःचं काम छापताना श्रेय चार्ल्सलाही दिलं.

वहीत असं लिहावं : 'दाब स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असते.' 'सम प्रमाणात'चा अर्थही इथे काटेकोर आहे. बोलताना आपण 'त्या प्रमाणात वाढतं' म्हणतो ते 'त्यानुसार वाढतं' एवढ्याच अर्थानं. इथे जितकी पट हे, तितकीच पट ते.

राहिला टायर. तिथे हा नियम लागत नाही, कारण टायर फारसा फुगत नाही. आकारमान जवळपास तेच राहतं आणि दाब वाढतो. दाब निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात, हा वेगळा नियम. पण 'पट'चा फास तिथेही आहे. पंपावरचा काटा ३० पौंड दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा, त्यात वातावरणाचे साधारण १४ धरावे लागतात. २७ अंशांना ३० पौंड भरलेला टायर रस्त्यावर ५७ अंशांपर्यंत तापला, तर एकूण ४४ चे ४८.४ होतात आणि काटा ३४ च्या थोडा वर जातो. म्हणून हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासावी, आणि तापलेल्या टायरचा काटा वर दिसला म्हणून हवा सोडू नये.