शेजारची रिकामी खुर्ची

प्रश्न : ताई, मी तालुक्याच्या गावी एका सरकारी बँकेत काउंटरवर आहे. शेजारचे काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. रोख, पासबुक, केवायसी, आधार जोडणी, सगळं माझ्याकडे. ‘लाडकी बहीण’चे पैसे जमा व्हायच्या सुमारास रांग पार रस्त्यापर्यंत जाते. त्यात सर्व्हर बसला की शिव्या मला. मध्यंतरी आम्हाला ‘भावनिक क्षमता’ या विषयावर प्रशिक्षण दिलं. ग्राहकाचा राग मनावर घ्यायचा नाही, हसतमुख राहायचं. मी हसते. पण घरी आल्यावर तोंड उघडावंसं वाटत नाही. लेक शाळेतलं सांगत असते, माझ्या कानात काही शिरत नाही. मीच कमी पडतेय का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. दोघांचं काम तुम्ही एकटी ओढताय आणि वर हसताय. ते हसणंसुद्धा कामच आहे. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून हे १९८३ मध्येच मांडलं. मनात एक, चेहऱ्यावर दुसरं, असं दिवसभर चाललं की घरच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. तुमच्या प्रशिक्षकांनी हा भाग वगळलेला दिसतो.

मीही काउंटरवर बसलेली आहे, लेजरच्या काळात. गर्दी तेव्हाही असायची, पण पितळी टोकन हातात देऊन माणसाला बाकावर बसवता यायचं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं ते हेच : ओझं जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, ही जोडी माणसाला मोडते. तेव्हा थोडं तरी हातात घ्या. आधार जोडणीचे अर्ज दुपारी ठरावीक वेळातच घेऊ, असं मॅनेजरसाहेबांकडून मंजूर करून घ्या आणि तसा बोर्ड लावा. तुमच्या युजर आयडीवर दिवसाला किती व्यवहार होतात, ते सिस्टीममध्ये असतंच. आठवडाभराचे आकडे काढून लेखी द्या, पोच घ्या. ‘फार ताण येतो’ म्हणालात तर पुन्हा एखादं प्रशिक्षण मिळेल. आकडे दिले तर निदान डेप्युटेशनवर माणूस मागायला साहेबांच्या हातात कागद येईल.

रांगेतल्या भांडणांचं एक कारण तर सांगून मिटण्यासारखं आहे. अनुदानाचे पैसे आधारला शेवटी जी बँक जोडली असेल तिथे जातात. बाई तुमच्यावर ओरडते आणि तिचे पंधराशे दुसऱ्याच बँकेत पडलेले असतात. हे ठळक अक्षरांत भिंतीवर लावा. तिचा राग पैशांवरून आहे, तुमच्यावर नाही, हे ओळखता आलं की पुरे. त्यावर हसायलाच हवं असं नाही. सरळ चेहऱ्याने नीट माहिती दिलीत तरी चालतं.

लेकीला सांगून टाका, ‘आल्यावर मला अर्धा तास दे, मग सगळं ऐकते.’ मुलांना हे कळतं. न सांगता गप्प बसलं की मात्र त्यांना वाटतं, आई आपल्यावरच रागावलीय. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि एक. एवढ्या पत्रात विमा पॉलिसीच्या टार्गेटबद्दल चकार शब्द नाही. तुमच्या शाखेला ते नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पुढच्या पत्रात तेही लिहा.