काम तेवढंच आहे, मग झेपत का नाही?

हिशेब विभागात काम करणारे, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, पोटात गोळा, पहाटे चारला जाग. ईसीजी आणि रक्ततपासणी नॉर्मल आल्यावर डॉक्टरांनीच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. हाच क्रम योग्य. छातीची तक्रार ‘टेन्शन असेल’ म्हणून परस्पर निकालात काढू नये.

“मॅडम, काम पूर्वीइतकंच आहे. मग आता झेपत का नाही? मी कमजोर झालोय का?” हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकते.

मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. शरीरात काय झालं, त्याआधी काय घडलं आणि त्या वेळी तुमच्या हातात काय होतं, एवढंच लिहायचं. पहिले दोन रकाने लोक भराभर लिहितात, तिसऱ्याशी अडतात. त्यांच्या वहीतली गंमत अशी, की महिनाअखेरच्या सर्वांत धावपळीच्या दिवसांत नोंदी जवळपास नव्हत्याच. धडधड व्हायची ती दोन साहेबांचे निरोप एकाच वेळी आले की. एक म्हणणार, “हे संध्याकाळपर्यंत हवं.” दुसरे म्हणणार, “ते राहू द्या, आधी माझं.” काहीही केलं तरी एक जण नाराज. विभागाची फेररचना होऊन एकाचे दोन साहेब झाले, तेव्हापासून हे सुरू होतं. काम तेवढंच राहिलं, पण ते कसं करायचं हे ठरवणं त्यांच्या हातातून गेलं.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं होतं: मागणी जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, अशा कामात ताण सर्वाधिक. तिथे माणसाचा कणखरपणा मोजत बसण्यात अर्थ नसतो.

“मग हे बर्नआउट आहे का?” जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही, दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणते. पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. थकवा तर त्यांना होताच. “कुणाचं बिल अडलं तरी हल्ली काही वाटत नाही,” हे वाक्य मला जास्त खटकलं.

श्वास सावकाश सोडण्याचा सराव मी दिला. त्याने धडधड उतरते, बोलायला बळ येतं. पण दीर्घ श्वासाने दोन साहेबांचे आदेश एक होत नाहीत. म्हणून आम्ही एक मेल तयार केला, दोघांनाही एकत्र पाठवायचा: “आज माझ्याकडे चार तास आहेत. ही दोन कामं मिळून सात तासांची आहेत. आधी कोणतं घेऊ?” त्यांना तो उद्धटपणा वाटत होता. मग मी साहेब झाले (बऱ्यापैकी खडूस) आणि समोरासमोर बोलण्याचीही तालीम केली.

पहिल्या मेलला उत्तरच आलं नाही. पुढच्या वेळी मात्र दोन्ही साहेब आपसात बोलले, आणि हळूहळू आठवड्याच्या सुरुवातीला कामांचा क्रम ठरू लागला. एक साहेब अजूनही रात्री मेसेज करतात. “तातडीचं असेल तर फोन करा,” असं सांगून हे गृहस्थ जेवणानंतर मेसेज बघणं बंद करतात. झोप लवकर सुधारली. कडवटपणा जायला बराच वेळ लागला. राजीनामा त्यांनी लिहून ठेवला होता. नीट झोप लागेपर्यंत तो निर्णय नको, एवढंच मी म्हटलं होतं.

दर भेटीत मी एक प्रश्न मात्र विचारायचेच: सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं? त्यांचं मन सुट्टीत रमत होतं, दुसऱ्या दिवशीच्या कामाचा विचार येईपर्यंत तरी. सुट्टीतही उदासी हटत नसती, दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ तसाच जात असता, किंवा जगणं नको असा विचार एकदाही आला असता, तर मेल-बिल बाजूला ठेवून मी त्यांना लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.