केंद्रक शिकवताना आधी कांदा सोल

पहिल्यांदाच नववीला पेशी शिकवणार आहेस, म्हणून सांगते. फळ्यावर आकृती काढायच्या आधी मुलांना केंद्रक डोळ्यांनी दाखव. म्हापशाच्या बाजारातला साधा कांदा पुरे. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढ, आयोडीनचा एक थेंब टाक आणि काचझाकण तिरके धरून हळूच सोड, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मुले बुडबुड्यालाच केंद्रक समजतात! खरे केंद्रक पिवळसर-तपकिरी ठिपक्यासारखे दिसते, आणि बहुतेक पेशींत भिंतीलगत, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. मुलांना दिसले तिथेच काढू दे, मधोमध नको.

मग आतले सांग. दुहेरी आवरण, त्यावरची छिद्रे. या छिद्रांवर वेळ घालव. डीएनए आतच राहतो, त्यावरून उतरवलेला आरएनएचा निरोप छिद्रातून पेशीद्रव्यात जातो आणि तिथे रायबोसोम प्रथिने बनवतात. रायबोसोमचे भाग मात्र केंद्रकीत, म्हणजे केंद्रकातल्याच एका दाट गोळ्यात, तयार होतात. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो म्हणून. दोरा आणि मणी घेऊन दाखव.

‘केंद्रक नियंत्रण करते’ एवढ्यावर थांबू नकोस. आपल्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते. त्या जेमतेम 120 दिवस जगतात, स्वतःची दुरुस्ती करू शकत नाहीत.

रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये केंद्रकाला नाव दिले ते ऑर्किडच्या पेशी पाहताना. पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या सत्तरीत झाडांवर सीतेची वेणी हे ऑर्किड फुलते, तेव्हा हे आवर्जून सांग.