मुलीला पत्रकार व्हायचंय, आणि विषयही ‘आपलाच’

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पत्रकार होऊन मुस्लिम समाज आणि सामाजिक न्याय यांवरच लिहायचं म्हणते. आधीच आमचं आडनाव, त्यात हा विषय. जन्मभराचा शिक्का बसेल, ट्रोलिंग होईल ते वेगळंच. तिला कसं समजवावं? – एक वडील, मालेगाव

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी खरी आहे. ज्या बातमीदाराची आठवण ईद, दंगल आणि तलाक याच वेळी होते, त्याच्यावर शिक्का बसतोच. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं तिने महापालिका आणि कोर्टाचं बीट, म्हणजे तिथल्याच बातम्या नेमाने देण्याचं काम, करावं, असा माझा आग्रह आहे. बजेट वाचता आलं, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिता आला, की तिला एकाच विषयात अडकवणं संपादकालाही जमणार नाही.

विषय तर तुमच्या दारातच आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये तासभर उभं राहिलं तरी पापण्यांवर कापसाचे तंतू बसतात, खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, वीज गेली की मागही थांबतो आणि मजुरीही. ही बातमी विजेची आहे, कामगाराच्या फुप्फुसांची आहे आणि मुस्लिम समाजाचीही आहे.

देशभरातल्या मुस्लिमांची सामाजिक-आर्थिक स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीचा २००६चा अहवाल तिला वाचायला द्या. तेव्हा आयएएसमध्ये मुस्लिम ३ टक्के होते, हे त्यात आकड्यांत मांडलंय. महाराष्ट्रापुरतं असंच काम महमूदुर रहमान समितीने केलं, अहवाल २०१३मध्ये दिला. त्यातल्या एकेका शिफारशीचं पुढे काय झालं, एवढंच विचारत राहिली तरी तिला वर्षानुवर्षं बातम्या पुरतील.

आता अवघड भाग. न्याय म्हटलं की घरातलेही प्रश्न येतात. तोंडी तलाकविरुद्ध समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला होता. तुमच्या मुलीने असं काही लिहिलं, तर ‘आपलीच बदनामी करते’ हे मोहल्ल्यातूनच ऐकावं लागेल. मला ट्रोलपेक्षा याची काळजी जास्त वाटते. त्या दिवशी तुम्ही तिच्या बाजूने उभे राहाल का, हे तिला आजच कळू द्या.

शिक्षणासाठी पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट किंवा दिल्लीत जामिया विद्यापीठाचं मास कम्युनिकेशन सेंटर बघा. सुरुवातीला पगार कमी असतो, हे लपवत नाही. तिला उर्दू वाचता येत असेल तर ते अर्जात ठळक लिहावं. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारा बातमीदार मराठी वृत्तपत्रांना सहज मिळत नाही.

तिने लिहिलेलं काही असेल, कॉलेजच्या अंकातलं का असेना, मला पाठवा. मी वाचून तिलाच उत्तर लिहीन.