प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणजे कारकुनीच ना?

तुम्ही विचारलंय की बी.फार्म. झालंय, नवी मुंबईत मेडिकल कॉलेजच्या रिसर्च सेंटरला प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरची जागा मिळतेय, पण घरचे म्हणतात ही कारकुनी आहे, तर घ्यावी का. घरच्यांचं सोडा, हेच मी एका मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

मी इथल्याच एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात बरीच वर्षं हे काम करतेय. एथिक्स कमिटीच्या (संशोधनाला परवानगी देणारी, पेशंटचं हित बघणारी समिती) फाइली, सीटीआरआय म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली नोंदणी, कागद तपासायला येणाऱ्या मॉनिटरच्या क्वेरी, उणे ८० च्या फ्रीजरचा लॉग, मार्चअखेरचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (ग्रँटचे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला), हे सगळं असतंच आणि ते शिकता येतं.

मधुमेहाच्या एका नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे पेशंटवरची चाचणी, चालू होती. त्यात वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी काम करणारे एक काका होते, राहायला कोपरखैरण्यात. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन, "ताई, बाबा चक्कर येऊन पडले, शुगर एकदम खाली गेली, इथल्या नर्सिंग होमला अ‍ॅडमिट केलंय." माझा नंबर त्याला ट्रायलच्या कार्डामागे सापडला. प्रत्येकाच्या कार्डावर तो मी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिते.

ट्रायलमधला पेशंट असा अचानक अ‍ॅडमिट झाला की ती एसएई, म्हणजे सीरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट, मग ती आमच्या औषधामुळे असो वा नसो. ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे २४ तासांत सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी, तिघांना कळवायचं. उशीर झाला तर त्याचं कारण द्यायचं. आमचे सर, म्हणजे ट्रायलची जबाबदारी असलेले डॉक्टर (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर), कॉन्फरन्सला बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, "सोमवारी आल्यावर बघू. कळल्याची तारीख सोमवारची टाक." मी म्हटलं, सर, फोन आज आलाय, तारीख आजचीच पडेल. "तू डॉक्टर आहेस का? कागद सांभाळायचं काम तुझं, तेवढं कर."

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली आणि कोपरखैरणे गाठलं. काका शुद्धीवर होते, सलाइन चालू होतं. उशाशी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात आमच्या औषधाची बाटली आणि सोबत ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणाऱ्या दुसऱ्याच गोळीची, अर्धी संपलेली पट्टी. शेजाऱ्याने दिली म्हणे, दोन्ही घेतलं की शुगर लवकर उतरते. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, पट्टीवरचा बॅच नंबर उतरवला, शुगरच्या रिपोर्टचे फोटो काढले आणि बाहेरच्या बाकावर बसून फॉर्म भरला. औषधाशी संबंध आहे की नाही हा रकाना मोकळा ठेवला, तो डॉक्टरांचाच. आमच्या को-इन्व्हेस्टिगेटर (सरांच्या सोबतच्या डॉक्टर) मॅडमनी रात्रीच सगळं तपासून तो भरला, सही केली आणि रिपोर्ट वेळेत गेला.

सर आजही म्हणतात, दोन दिवसांनी काय बिघडलं असतं, गोळी शेवटी दुसरीच निघाली ना? नाही सर, ती गोळी सोमवारी निघालीच नसती. तोवर काकांना डिस्चार्ज मिळाला असता, पट्टी कचऱ्यात गेली असती आणि दोष आमच्या औषधावर बसला असता. शिवाय दुखणं ट्रायलमुळे नाही हे ठरेपर्यंतचा उपचार मोफत मिळणं हा पेशंटचा नियमातला हक्क आहे. मुलगा तिथे पदरचं डिपॉझिट भरून बसला होता. सोमवारपर्यंत ते कोणी बघणार होतं?

कागद वेगळा आणि पेशंट वेगळा असं ज्याला वाटतं, त्याने प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर होऊच नये. कोऑर्डिनेटरला एसएईच्या चर्चेला एथिक्स कमिटीसमोर बोलवायलाच हवं. पेशंटच्या घरचा फोन तिलाच येतो.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर जागा घ्या, पण मुलाखतीत विचारून घ्या की रविवारी एसएई आली तर सही कोण करतं. उत्तराला आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघा. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल नीट करण्याचे नियम) सर्टिफिकेट आधीच करून ठेवा. आणि हो, या जागा बहुतेक कंत्राटी असतात, ग्रँट संपली की जागाही संपते, हे घरी स्पष्ट सांगा. सगळे सर असे नसतात, आत्ता मी ज्यांच्या हाताखाली आहे त्या मॅडम फार चांगल्या आहेत. नुसता सर्व्हेचा प्रोजेक्ट असेल तर एवढी धावपळही नसते. पगाराचं कोणाला माहीत असेल तर खाली लिहा, खाजगी कंपन्यांचा मला अनुभव नाही.