परदेशी पतीपासून तीन वर्षं वेगळी राहते. लग्न संपलं का? माझ्या फ्लॅटवर त्यांचा हक्क आहे का?

नाही, ताई. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालेलं लग्न नुसतं वेगळं राहून मोडत नाही, न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. तिकडून घटस्फोटाचा कागद टपालाने आला तर घाबरून सही करू नका, कृपा करून! तुमची बाजू न ऐकता दिलेला निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मुळे इथे सहसा टिकत नाही.

फ्लॅट तुमच्या पैशांतला आणि खरेदीखतात एकट्या तुमचंच नाव, तर तो तुमचाच. लग्न झालं म्हणून निम्मा त्यांचा होत नाही. पण घटस्फोटाआधी तुमचं काही बरंवाईट झालं, तर मुलं असूनही एक तृतीयांश वाटा पतीला जातो. म्हणून मृत्युपत्र याच आठवड्यात करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.